ॲडव्हान्स देण्याआधी थांबा: हॉलमधल्या थिएटर पीसीचे पार्ट

तुमचं कोटेशन वाचलं, फोटो मोठा करून ओळ न् ओळ बघितली. तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत टू बीएचके आहे, हॉलमध्ये ५५ इंची फोर-के एचडीआर (उजेड-अंधारातले बारकावे जास्त दाखवणारा) टीव्ही आहे, २०१३ साली घेतलेला फाइव्ह पॉइंट वनचा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा डबा) अजून ठणठणीत चालतोय, २०० च्या आसपास डीव्हीडी आणि ८० ब्ल्यू-रे आहेत, शिवाय घरातल्या लग्नामुंजींच्या व्हीएचएस कॅसेटी. हे सगळं एकाच डब्यातून रिमोटवर लागावं, आणि बाबांना ७६व्या वर्षी कुणाला हाक न मारता लावता यावं. बजेट ४५ हजार. दुकानदाराने दिलंय ते असं: आय५-१२४००एफ प्रोसेसर, जीटी ७१० दोन जीबी ग्राफिक कार्ड, १६ जीबीची एक रॅम, ५०० जीबी एसएसडी, २ टीबी हार्डडिस्क, काचेचं आरजीबी कॅबिनेट आणि त्यातच येणारा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. शनिवारी ॲडव्हान्स देणार आहात.

देऊ नका.

मी ठाण्यात २००८ पासून असेंब्ली करतोय, त्यातले निदान शंभरेक डबे टीव्हीखाली बसणारे, आणि एक गोष्ट पक्की कळलीय की हा डबा कॉम्प्युटर म्हणून निवडायला गेलं की हमखास चुकतं. ऑफिसचा पीसी वेगावर जोखतात, गेमिंगचा फ्रेमवर, आणि हॉलमधला डबा जोखायचा तो रात्री साडेदहाला, खिडक्या बंद, वरचा पंखा एकवर, पडद्यावर दोन माणसं हळू आवाजात बोलतायत, अशा वेळी तुम्हाला डब्याचा आवाज येतो का. येत असेल तर आत काहीही असो, चुकीचा घेतला. म्हणून इथे पैसे प्रोसेसरवर कमी आणि शांततेवर, डिस्कवर आणि नीट पोर्टवर जास्त घालायचे. तुमचं कोटेशन बरोबर उलटं आहे.

आधी ते ग्राफिक कार्ड. १२४००एफ मधल्या त्या 'एफ'चा अर्थ प्रोसेसरमधलं स्वतःचं ग्राफिक्स बंद आहे. मग टीव्हीला वायर लावायला काहीतरी हवं म्हणून जीटी ७१० घुसवलंय, म्हणजे एफ घेऊन जे दोन-चार हजार वाचले ते कार्डात गेले, आणि मिळालं काय तर एनव्हिडियाच्या केप्लर घराण्यातली चिप, जे घराणं २०१२ चं आहे. तिला एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) व्हिडिओ हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही, फोर-के मध्ये आज जवळपास सगळं एचईव्हीसीच असतं. तिचा एचडीएमआय १.४ आहे, म्हणजे फोर-के फक्त ३० हर्ट्झला (सेकंदाला ३० चित्रं), एचडीआर नाही. नवे ड्रायव्हर तर २०२१ लाच थांबलेत. मग होतं असं की फोर-के फाइल लावली की सगळं ओझं प्रोसेसरवर येतं, तो ताकदवान आहे त्यामुळे बऱ्याचदा चालवतोही, पण पंखा घोंघावायला लागतो, आणि जड सीनला चित्र अडखळतं. तुम्हाला वाटणार टीव्ही खराब आहे. कार्ड असणं न असण्यापेक्षा वाईट, असं हे एकच उदाहरण मी छातीठोकपणे सांगतो.

आता तुम्हाला खरं काय लागतं ते बघा. व्हिडिओ उलगडायचं काम प्रोसेसरच्या पोटात बसवलेलं वेगळं सर्किट करतं, त्याला कुठले फॉरमॅट येतात एवढंच महत्त्वाचं. एच.२६४ हा जुना फॉरमॅट सगळ्यांनाच येतो. एचईव्हीसी १०-बिट, म्हणजे एचडीआरवाल्या फाइली, इंटेलच्या ७व्या पिढीपासून नीट येतं, ६व्या पिढीला फक्त ८-बिट जमायचं, त्यामुळे जुना ऑफिसचा ६व्या पिढीचा डबा कुणी स्वस्तात देत असेल तर त्या मोहात पडू नका. एव्ही१ हा २०१८ चा नवा फॉरमॅट, यूट्यूब तो भरपूर वापरतं, तो इंटेलला ११व्या पिढीपासून येतो. आणि गंमत म्हणजे आय५-१२४०० आणि आय३-१२१०० दोघांच्या पोटात एकच यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे, चित्रपट बघताना दोघांत तसूभर फरक दिसणार नाही. म्हणून आय३-१२१०० घ्या, एफ नसलेला. बिलावर 'एफ' अक्षर नाही ना हे काउंटरवर डोळ्यांनी बघा, आणि खोक्यावरही बघा, मी दोनदा गिऱ्हाइकाने आणलेलं खोकं उघडून परत बांधून पाठवलंय.

तुम्ही विचाराल मग त्याहून लहान एन१०० चालेल का. २०२३ च्या सुरुवातीला आलेला हा चार कोअरचा प्रोसेसर ६ वॉटचा, आणि व्हिडिओच्या बाबतीत तो या मोठ्या भावांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो, एचईव्हीसी १०-बिट, व्हीपी९, एव्ही१ सगळं येतं. त्याचे तळहाताएवढे मिनी पीसी मिळतात आणि ज्यांच्या डिस्क दुसऱ्या खोलीत नेटवर्कवर आहेत त्यांना मी डोळे झाकून तोच सांगतो. तुमचं घोडं अडतं ते डिस्कपाशी. त्या छोट्या डब्यात साडेतीन इंची हार्डडिस्क बसत नाही, बाहेरून यूएसबीला लटकवावी लागते, तिचा ॲडॅप्टर वेगळा, वायर वेगळी, आणि घरात कुणी झाडू मारताना ती वायर निघाली की बाबांना पडद्यावर काहीच दिसणार नाही. शिवाय त्यातला पंखा रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा असतो, आपल्याकडच्या धुळीत वर्षभरात तो शिट्टी वाजवायला लागतो. तुमच्यासारखं सगळं एकाच डब्यात हवं असेल तर १२१०० आणि साधा मायक्रो एटीएक्स (मध्यम मापाचा) बोर्ड.

एएमडीचं थोडक्यात. दुकानात ५६००जी प्रोसेसर पुढे करतील, चांगला आहे पण जुन्या व्हेगा ग्राफिक्सचा, एव्ही१ येत नाही. २०२४ च्या सुरुवातीच्या ८०००जी मालिकेत ते येतं आणि मुलांना हलके गेमही चालतात, पण बोर्ड आणि डीडीआर५ रॅमचा खर्च धरला तर तुमच्या बजेटात डिस्कला पैसे उरणार नाहीत. तुम्ही लिहिलंय 'मुलगा कधीतरी गेम खेळेल', तर त्यासाठी हा डबा फुगवू नका. गेमचं कार्ड आलं की मोठा एसएमपीएस, जास्त पंखे, जास्त गरमी, सगळं मागोमाग येतं आणि नाकापेक्षा मोती जड होतो.

बोर्ड निवडताना लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच येतात. बोर्डावर एचडीएमआय आहे म्हणजे झालं असं नसतं. एच४१०, एच५१० चे कित्येक बोर्ड फोर-के फक्त ३० हर्ट्झला देतात. कंपनीच्या पानावर एचडीएमआयच्या ओळीत '४०९६ गुणिले २१६०, ६० हर्ट्झ' असं स्पष्ट छापलेलं असलं पाहिजे. एच६१० मध्ये असा बोर्ड आरामात मिळतो. आणि तुमच्या बाबतीत दुसरी अट, एचडीएमआयच्या शेजारी डिस्प्लेपोर्टही हवा. का ते सांगतो, कारण हा तुमच्या सगळ्या जोडणीचा गाभा आहे.

तुमचा रिसीव्हर २०१३ चा, म्हणजे एचडीएमआय १.४ चा. पीसीची वायर रिसीव्हरमध्ये आणि तिथून टीव्हीला अशी नेहमीची जोडणी केली तर फोर-के ६० हर्ट्झ आणि एचडीआर रिसीव्हरच्या दारातच अडतं. म्हणून लोक सांगतात की पीसी थेट टीव्हीला लावा आणि आवाज एआरसीने (टीव्हीकडून आवाज परत आणणारी एचडीएमआयची सोय) उलटा रिसीव्हरला न्या. चालतं ते, पण एआरसीमधून ब्ल्यू-रेवरचा ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी हा पूर्ण दर्जाचा आवाज जात नाही, फार तर दाबलेला डॉल्बी डिजिटल जातो, आणि बरेच टीव्ही डीटीएस तर पुढे सोडतच नाहीत. ऑप्टिकल वायरचंही तेच. ८० ब्ल्यू-रे जमवलेल्या माणसाने हे का सोसायचं, तेही जो रिसीव्हर हे सगळे आवाज उलगडू शकतो तो घरात असताना? नवीन रिसीव्हर घ्यायची अजिबात गरज नाही. दोन वायरी लावा. बोर्डाच्या एचडीएमआयमधून एक थेट टीव्हीला, ती फक्त चित्राची. डिस्प्लेपोर्टमधून साध्या कन्व्हर्टरने दुसरी रिसीव्हरच्या इनपुटला, ती फक्त आवाजाची. विंडोजला वाटतं दोन पडदे आहेत, तर रिसीव्हरला 'एक्स्टेंड' म्हणून ठेवायचं, 'डुप्लिकेट' नाही, नाहीतर दोघांना जमेल अशा कमी दर्जावर दोन्ही पडदे येतात. त्या खोट्या पडद्याचं रिझोल्युशन १०८०पी ठेवा. काही जण हुशारी करून ६४० बाय ४८० ठेवतात आणि मग ट्रूएचडी लागत नाही म्हणून फोन करतात, एचडीएमआयमध्ये आवाज चित्राच्या ओळींमधल्या रिकाम्या जागेतून जातो, चित्र लहान केलं की ती जागाही आक्रसते. डिस्प्ले सेटिंगमध्ये खोटा पडदा ओढून खऱ्या पडद्याच्या कोपऱ्याला तिरपा टेकवा, म्हणजे माउस चुकून तिकडे पळत नाही. मग कोडी या प्लेअरमध्ये ऑडिओ आउटपुटला रिसीव्हरचं नाव निवडायचं, वासापीवालं (विंडोजमधून आवाज थेट पाठवायचा मार्ग), पासथ्रू, म्हणजे आवाज न उलगडता तसाच पुढे सोडणं, चालू करायचं, आणि पहिला ब्ल्यू-रे लावून रिसीव्हरच्या तोंडावर ट्रूएचडीचा दिवा पेटतो का बघायचं. तो दिवा पेटला की बारा वर्षांच्या जुन्या यंत्राबद्दल जो आदर वाटतो ना, तो मी अनेक घरांत लोकांच्या चेहऱ्यावर बघितलाय. ओठ आणि आवाज थोडे पुढेमागे वाटले तर रिसीव्हरमध्ये लिप-सिंकचे मिलिसेकंद एकदा जुळवून टाका, टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतो त्याचा तो उशीर असतो.

कोडी म्हणजे तो मोफत प्लेअर, आधी एक्सबीएमसी म्हणायचे, २०१४ ला नाव बदललं. एरवी मी लिब्रेईएलईसीवर, म्हणजे नुसत्या कोडीपुरत्या लिनक्सवर देतो, फार सुटसुटीत असतं. पण दोन वायरींची ही युक्ती विंडोजवर सोपी पडते, म्हणून तुम्हाला विंडोज ११. १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला. कोडी १९ पासून विंडोजवरही एचडीआर १० नीट जातं. डॉल्बी व्हिजनची, म्हणजे एचडीआरच्या दुसऱ्या प्रकाराची अपेक्षा मात्र इथे ठेवू नका. त्याच्या काही फाइलींत खाली एचडीआर १० चा थर असतो तो दिसतो, आणि ज्यात नसतो त्यात माणसं हिरवी-जांभळी दिसतात, घाबरायचं कारण नाही, पार्ट खराब नाहीये.

कोडीत एक सेटिंग आहे, डिस्प्लेचा रिफ्रेश रेट फाइलप्रमाणे बदला, ती पहिल्याच दिवशी चालू करा. कोलशेतला एका घरी गेलो होतो, तक्रार एवढीच की 'चित्र दचकतं', सगळं महागाचं सामान, पार्ट बदलून झाले होते दोनदा. मी सोफ्यावर बसून दहा मिनिटं बघत राहिलो. कॅमेरा डोंगराच्या रांगेवरून सावकाश फिरत होता आणि कडा ठरावीक तालात हलकेच अडखळत होती, धाव-थांब-धाव. चित्रपट सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा आणि टीव्ही ६० हर्ट्झला, म्हणजे एक फ्रेम तीनदा दाखवायची, पुढची दोनदा, पुन्हा तीनदा. सेटिंग चालू केली, टीव्ही क्षणभर काळा झाला, परत आला आणि तो डोंगर लोण्यासारखा सरकला. घरातल्या आजी म्हणाल्या, आता डोळे दुखत नाहीत. त्यांना फ्रेम रेट कुणी सांगितला नव्हता. तुमच्याकडे तर तीन तऱ्हा आहेत, ब्ल्यू-रे २३.९७६, व्हीएचएस आणि आपल्याकडच्या बऱ्याच डीव्हीडी पॅल म्हणजे २५, यूट्यूबवरचं काही ६०. म्हणून टीव्ही २४, ५० आणि ६० तिन्ही घेतो का ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. २५ ची फाइल ५० हर्ट्झवर बघितली की लग्नातली वरातसुद्धा वेगळी दिसते.

आता आवाज आणि गरमी. काचेचं कॅबिनेट रद्द. पुढून काच, आत चार स्वस्त पंखे, हवा यायला जागा नाही, आणि रात्री हॉलमध्ये रंगीत दिवे, बघणाऱ्याच्या डोळ्यांवर येतात. आडवं थिएटर कॅबिनेट आपल्या बाजारात सहज मिळत नाही, मिनी आयटीएक्सचे, म्हणजे त्याहून लहान मापाचे बोर्ड उगाच महाग पडतात, त्यामुळे पुढे जाळी असलेलं लहान मायक्रो एटीएक्स टॉवर घ्या आणि टीव्ही युनिटच्या आत न कोंबता बाजूला ठेवा. आतच ठेवायचं असेल तर आधी टेप घेऊन कप्प्याची उंची, खोली मोजा, आणि मागे वायर वळायला चार बोटं जागा सोडा. घोडबंदर रोडला एका घरी मे महिन्यात गेलो, सुंदर युनिट, लॅमिनेट, मागे पूर्ण बंद प्लाय, पुढे काचेचं झाकण. झाकण उघडल्याबरोबर इडलीपात्र उघडल्यासारखी वाफ तोंडावर आली, हार्डडिस्क ५४ अंशांवर. नवीन काहीही विकत घेतलं नाही, सुताराला बोलावून मागच्या प्लायला चार-चार इंचांची दोन भोकं पाडली, एक खाली एक वर, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी डिस्क ४३. प्रोसेसरसोबत येणारा पंखा काढून १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर लावा, मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतो, कॅबिनेटमध्ये तेवढी उंची बसते का हे मात्र आधी बघा. आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन प्रोसेसरची पॉवर लिमिट ३५ वॉटवर आणा. चित्रपटाला काही फरक पडत नाही, पंखा मात्र गप्प बसतो.

धूळ आणि खाडी या दोन गोष्टी ऐरोलीत विसरून चालणार नाही. पावसाळ्यानंतर तिकडचे डबे उघडले की हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीची ओली नमद्यासारखी गादी बसलेली असते, आणि रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट साय. 'डिस्प्ले येत नाही' म्हणून आलेल्या डब्यांपैकी कितीतरी नुसती रॅम काढून शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने दात पुसून, परत दाबून बसवली की चालू होतात. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, बाल्कनीत नेऊन ब्लोअरने उडवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने तो गरागरा फिरला तर बेअरिंग जातं आणि मग तोच आवाज सुरू होतो जो टाळायला एवढा खटाटोप केला.

एसएमपीएस कॅबिनेटमध्ये फुकट येणारा नको. त्यावर ४५० वॉट छापलेलं असतं ते छापण्यापुरतंच. तुमचा डबा ६० वॉटच्या वर क्वचित जाईल, त्यामुळे आकडा मोठा नको, माल चांगला हवा, नावाजलेल्या कंपनीचा ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), लहानातला लहान वॉटचा. त्याच्याबरोबर घराचं अर्थिंग तपासून घ्या, हे मी कळकळीने सांगतोय. नौपाड्यात एका जुन्या बिल्डिंगमध्ये काका म्हणाले डब्याला हात लावला की मुंग्या येतात. टेस्टर लावला तर कॅबिनेटच्या पत्र्यावर मंद दिवा. एसएमपीएसमध्ये वायरींमधला कचरा जमिनीत सोडणारे छोटे कपॅसिटर असतात, अर्थिंग नसलं तर तो प्रवाह जायला वाट नसते आणि सगळा पत्रा निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा, माणसाला झिणझिण्या येतात एवढंच, पण चालू स्थितीत एचडीएमआयची वायर खोचली की तोच झटका पोर्टमध्ये जातो. त्यांच्या टीव्हीचे दोन पोर्ट असेच गेले होते. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग बघून घ्या, टीव्ही, रिसीव्हर, पीसी एकाच बोर्डवर घ्या, आणि एचडीएमआय कायम सगळं बंद करूनच काढा-घाला. पावसाळ्यात महावितरणची लाइट जाते-येते त्यासाठी ६०० व्हीएचा छोटा यूपीएस पुरतो, आणि बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग करून ठेवा म्हणजे बाबांना खाली वाकून बटण शोधावं लागणार नाही.

रॅम एक १६ ऐवजी ८-८ च्या दोन, पोटातलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, दोन असल्या की त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. एसएसडी ५०० ठीक आहे, २५० ही चालली असती.

सगळ्या डिस्क त्यावर उतरवायच्या तर हार्डडिस्क २ टीबी पुरणार नाही, हिशोब करू. २०० डीव्हीडी सरासरी ६ जीबीच्या धरल्या तर १.२ टीबी, ८० ब्ल्यू-रे ३५ जीबीच्या धरल्या तर २.८ टीबी, चार तर इथेच झाले, कॅसेटी अजून बाहेरच. प्रोसेसर आणि कार्डातून वाचलेले पैसे इथे घाला, ६ किंवा ८ टीबी, सीएमआर प्रकारची (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवणारी), मिळाली तर मिनिटाला ५४०० फेऱ्यांची, आणि कॅबिनेटच्या रबरी वॉशरवरच बसवा, पत्र्याला थेट आवळली की पूर्ण युनिट गुणगुणतं. कॅसेटींचं काम मात्र डब्याची वाट न बघता आजच हातात घ्या. कॅसेटचं झाकण उचलून टेपच्या कडेला बघा, पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे, आपल्या दमट हवेत ती धरतेच. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटींनाही तीच बुरशी लागते, आधी साफ करून देणाऱ्याकडे द्या. आणि त्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरात, बहिणीकडे वगैरे. चित्रपट परत मिळेल, आजोबांचा आवाज मिळणार नाही.

दोन अपेक्षा आधीच खाली ठेवा. फोर-के ब्ल्यू-रेची डिस्क पीसीवर रीतसर लावायला इंटेलचं एसजीएक्स (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) लागायचं, ते डेस्कटॉपवर ११व्या पिढीपासून काढून टाकलंय, तेव्हा त्या डिस्क घ्यायच्या असतील तर वेगळा प्लेअर. आणि ओटीटी या डब्यावर बघू नका. ब्राउझरमध्ये बहुतेक ठिकाणी कमी दर्जाचं चित्र मिळतं, टीव्हीतलं ॲप किंवा स्टिक त्यासाठी कितीतरी चांगली, तिचा आवाज एआरसीने रिसीव्हरला जाईल, तिसरी वायर त्यासाठी.

राहिले बाबा. पीसीच्या एचडीएमआयमधून टीव्हीच्या रिमोटचे हुकूम येत नाहीत, ती सीईसीची सोय बोर्डांवर सहसा नसते. फ्लर्क नावाचं यूएसबीत लागणारं बोटाएवढं यंत्र मिळतं, त्याला घरातल्या कुठल्याही जुन्या रिमोटची बटणं शिकवता येतात, झोपलेला पीसी उठवणंसुद्धा. माझी पद्धत अशी की माणसाच्या हाताला ज्याची सवय आहे तो रिमोट मागून घ्यायचा, बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा असला तर उत्तमच, आठच बटणं शिकवायची, चार बाण, ओके, मागे, थांब, चालू. बाकीच्यांवर काही नाही, म्हणजे चुकीचं बटण दाबलं तरी काही बिघडत नाही. कोडीच्या पहिल्या पडद्यावर तीनच फोल्डर ठेवा, नावं देवनागरीत, 'घरचे', 'सिनेमे', 'नाटकं'. त्यांना समोर बसवून दोनदा लावून घ्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन थांबा. वायरलेस कीबोर्ड तुमच्यासाठी ठेवा, त्याचं डोंगल निळ्या यूएसबी पोर्टाशेजारी लावलं तर अक्षरं गाळतं, कारण यूएसबी ३ चा गोंगाट त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो, एक फुटाची एक्स्टेंशन वायर लावून पुढे आणा.

खरेदी ठाण्यात करा, वाशीला करा नाहीतर लॅमिंग्टन रोडला जा, मला सगळं सारखंच, फक्त जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो. एकाच दुकानात सगळं मिळत नसेल तर बोर्ड आणि प्रोसेसर एकत्र घ्या, काउंटरवर जोडून डिस्प्ले आलेला बघा, बाकीचं कुठूनही. शनिवारी जाण्याआधी मला दोन गोष्टी कळवा, रिसीव्हरच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर आणि टीव्ही युनिटच्या कप्प्याची आतली उंची सेंटिमीटरमध्ये. उंचीवरून कूलर कुठला बसेल ते सांगतो, आणि मॉडेलवरून आवाजाची वायर रिसीव्हरच्या कितव्या इनपुटला लावायची ते.